पेंड, कोंडा आणि माशांची पिले



तेल गाळल्यावर पेंड उरते, भात सडल्यावर कोंडा. ही दोन्ही आपण गुरांच्या गव्हाणीत पाहिली आहेत. रोहू, कटला, मृगळ या माशांची पिलेही त्यांच्यावर पोसली जातात, हे मात्र शहरात फारसे ठाऊक नसते.

नुकत्याच जन्मलेल्या या पिलांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. पोटाशी असलेली शिदोरी त्यांना तीनेक दिवस पुरते. मग ती तळ्यातील सूक्ष्म जीवांवर जगतात. परंतु दाटीच्या तळ्यात तेवढ्याने भागत नाही. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी ग्रंथिरसाची सुई टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे पुढे बीज मुबलक झाले आणि त्याला खाऊ काय घालावे, हा प्रश्नही मोठा झाला.

सुक्या मासळीचे कूट उत्तम खाद्य खरे. पण ते महाग, आणि ज्या लहान मासळीवर गरिबाचे जेवण चालते, तिच्यातच ते वाटा मागते. म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा समभाग मिसळून घालण्याची रीत पडली.

मग हवी ती पेंड तळ्यात टाकावी काय? नाही. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसिन व मेथिओनिन ही घटकद्रव्ये कमी पडतात. मेथिओनिनची उणीव तिळाची पेंड भरून काढते, लायसिनची सोयाबीनची. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारे द्रव्य असते. ते भाजून घालवावे लागते. सरकीत गॉसिपॉल नावाचे विष असते.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी दगावले. दोष निघाला शेंगदाण्याच्या पेंडीत. त्याच सुमारास अमेरिकेतील मत्स्यकेंद्रांत ट्राउट माशांच्या यकृतात गाठी आढळल्या. तिथे सरकीच्या पेंडीवर संशय गेला. दोन्हीकडे विष एकच ठरले: बुरशीतून उपजणारे अफ्लाटॉक्सिन.

सांगायचे ते एवढेच, की उरलेले म्हणजे टाकाऊ नव्हे, आणि स्वस्त म्हणजे कसेही वापरावे असेही नव्हे. पेंड कोरड्या जागी ठेवावी, बुरसलेली फेकून द्यावी, एकीची उणीव दुसरीने भरावी. एवढी काळजी घेतली, तर आपल्याच घाण्यागिरण्यांतून उरलेल्या मालावर तळी भरतील आणि गरिबाच्या ताटातली मासळी ताटातच राहील.