कंपनी आहे, खाते नाही

बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया नावाचा चिमुकला देश आहे. लोकसंख्या जेमतेम साडेतेरा लाख. डिसेंबर २०१४ पासून हा देश परदेशी माणसांना ‘ई-रेसिडेन्सी’चे कार्ड देतो. त्या कार्डाने संगणकावर सही करायची आणि तिथे पाऊलही न ठेवता कंपनी नोंदवायची. लाखाहून अधिक लोकांनी ते घेतले आहे. त्यात दापोलीकडचा माझा भाचाही आहे. मोबाइलवरच्या खेळांसाठी तो चित्रे काढतो; गिऱ्हाईक सगळे युरोपातले.

कंपनी झटकन झाली. मग त्याचा फोन आला, ‘‘मामू, खाते देत नाहीत!’’

या कार्डाने तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही, तसा बँकखात्याचाही मिळत नाही. बँक आधी विचारते, तुमचा आमच्या देशाशी संबंध काय? तिथे कचेरी नाही, माणूस नाही, गिऱ्हाईक नाही, म्हटले की बहुधा नकारच.

बँकेला तरी दोष कसा द्यावा? डान्स्के या डेन्मार्कच्या बड्या बँकेची एस्टोनियात शाखा होती. २००७ ते २०१५ या काळात तिथल्या अनिवासी खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो वाहून गेले आणि त्यातला बराच पैसा संशयास्पद निघाला. २०१८ मध्ये बँकेच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. बड्यांनी महापूर आणला. आता ओंजळभर पाण्याचा हिशेब आमच्या चित्रकाराने द्यायचा.

त्यात त्याचे नाव. संयुक्त राष्ट्रे, युरोपीय संघ यांच्या निर्बंधांच्या याद्यांशी बँकेचा संगणक प्रत्येक नाव ताडून पाहतो. त्याच्या नावात मुहम्मद आहे. रोमन लिपीत ते पासपोर्टावर एक स्पेलिंग, पदवीवर दुसरे आणि एका कागदावर नुसते ‘एमडी’! मी जन्मभर ऱ्हस्व-दीर्घासाठी मुद्रकांशी भांडलो. इथे एका अक्षराने माणूसच बदलतो, आणि तुम्ही ‘ते’ नव्हे हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. आमच्यासारख्या नावांच्या वाट्याला हे जरा जास्तच येते, एवढेच म्हणतो.

आपल्याकडचेही नियम आहेतच. भारतातल्या रहिवाशाला वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पैसे बाहेर नेता येतात. पण परदेशी कंपनीत भांडवल घालण्याआधी आपल्या बँकेत रीतसर कागद द्यावे लागतात. भाच्याने ते केले.

आता बँकेचा नाद सोडून त्याने युरोपातल्या एका परवानाधारक पैसे-देवघेव संस्थेकडे अर्ज केला आहे. अशा संस्था कर्ज देत नाहीत, पण गिऱ्हाइकाचे पैसे जमा होतात. त्यांनी पत्त्याचा पुरावा मागितला. रस्ता आणि घरक्रमांकासह. आमचा पत्ता म्हणजे ‘मशिदीमागे, मोहल्ला’. वीजबिल त्याच्या दिवंगत आजीच्या नावावर आहे. ते बदलायला सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि त्यातले एक चुलते कुवेतमध्ये आहेत. ते ईदला येणार आहेत.