पथक मुलांचे, जबाबदारी मोठ्यांची

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नरडाणा येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



पन्नास वर्षांच्या अखंड सेवेचा हा मंगल प्रसंग आहे. अशा प्रसंगी आपण मला चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विश्वस्तांनी विषय सुचविला तो असा : 'गावात स्काऊट पथक चालविताना कार्यकर्त्यांना येणाऱ्या अडचणी'. उत्सवाच्या मंडपात अडचणींचा पाढा वाचावा काय, असा संकोच क्षणभर वाटला. परंतु आपल्या पुढील संकल्पांत मुलामुलींसाठी पथक सुरू करण्याचाही विचार आहे, असे कळले आणि संकोच गळून पडला. मी पेशाने व्यापारी आहे. आपल्यासारख्याच एका बाजारपेठेच्या गावी मी कित्येक वर्षे पथक चालविले. आणि मध्यंतरी ते दीड वर्ष बंद पडले, ते माझ्याच चुकीने. त्या चुकीचा उपयोग आपल्याला व्हावा, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. त्यात श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. त्यांचे चार गट पाडून प्रत्येक गटाला मुलांमधलाच एक नायक दिला. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध झाले. ते वाचून गावोगावच्या मुलांनी आपापसांत गट बांधले आणि मग ती मुले आपल्याला शिकवील असा मोठा माणूस शोधू लागली. मुले आधी आली, स्काऊटमास्तर नंतर मिळाले. मोठ्यांच्या प्रशिक्षणासाठी लंडनजवळ गिलवेल पार्क हे केंद्र उघडले, ते १९१९ साली. म्हणजे मोठ्या माणसांची टंचाई ही या चळवळीची जन्मापासूनची अडचण आहे.

आपल्या देशात १९०९ साली ही चळवळ आली, तेव्हा ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती मर्यादित होती. भारतीय मुलांना दार बंद होते. ते उघडले ते सरकारी हुकमाने नव्हे. डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत आणि पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू व पंडित श्रीराम वाजपेयी यांनी उत्तर भारतात स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन एकच संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी गाइड्सही तीत सामील झाल्या आणि आजची 'भारत स्काऊट्स आणि गाइड्स' आकारास आली. हे सारे काम पदरमोड करून, आपल्या व्यापातून वेळ काढून, स्वयंसेवकांनीच केलेले आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. महाराष्ट्रात बहुतेक पथके शाळांमधून चालतात आणि शिक्षकच ती सांभाळतात. शाळेबाहेर, एखाद्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या पथकाला 'ओपन' पथक म्हणतात. ट्रस्ट काढील ते पथक या प्रकारचे असेल. शाळेच्या पथकाला इमारत, वेळापत्रक आणि हजेरीपट आयता मिळतो. ओपन पथकाला यांतले काहीच आयते मिळत नाही. सगळा भार कार्यकर्त्यांच्या खांद्यावर असतो.

पहिली अडचण वेळेची. आपल्या खान्देशात कापसाचा हंगाम सुरू झाला की व्यापाऱ्याला जेवायला सवड नसते. नेमका तोच काळ, डिसेंबर-जानेवारीचा, शिबिराला योग्य. पुढे मार्चमध्ये परीक्षा आणि त्यानंतर आपले ते प्रखर ऊन. म्हणजे कार्यकर्त्याला सवड असते तेव्हा मुले मोकळी नसतात, आणि मुले मोकळी असतात तेव्हा मैदानात उभे राहवत नाही.

दुसरी अडचण पालकांच्या अपेक्षेची. पथकात नाव घालताना बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न असे, "याचे दहावीला वाढीव गुण किती मिळतील?" रविवारी सकाळी शिकवणी आणि पथक यांत निवड करायची वेळ आली की शिकवणीच जिंकत असे. 'खरी कमाई' या उपक्रमाचेही असेच होते. मुलाने शेजारच्या घरी अंगण झाडावे, दुकानात माल लावावा आणि श्रमाचे दोन पैसे मिळवून कार्डावर नोंद करून आणावी, हा त्याचा हेतू. कार्ड दुसऱ्याच दिवशी भरून येऊ लागले, तेव्हा चौकशी केली. वडिलांनी खिशातून नोट काढून दिली होती आणि मुलाने काकांची सही आणली होती. पैसे जमले, कमाई मात्र झाली नाही. अशा वेळी पालकाला न दुखावता हे सांगणे कार्यकर्त्याला फार अवघड जाते, कारण तो पालक त्याचे गिऱ्हाईक असतो, नाहीतर सोयरा.

तिसरी अडचण आचाराची, आणि ती आपल्या समाजाशी निगडित आहे. एका श्रावकांनी मला विचारले, "आपण सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, मग आमच्या मुलाने ईश्वराप्रति कर्तव्याची प्रतिज्ञा कशी घ्यावी?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर संस्थेच्या नियमांतच आहे. प्रतिज्ञेत 'ईश्वर' या शब्दाऐवजी 'धर्म' हा शब्द घेण्याची मुभा आहे. स्काऊटच्या नऊ नियमांपैकी पाचवा नियम प्राणिमात्रांशी मैत्री सांगतो, आठवा काटकसर सांगतो आणि नववा मन, वचन व कृतीची शुद्धता सांगतो. आपल्या मुलांना यांतील एकही गोष्ट परकी नाही.

खरी कसोटी लागते ती शिबिरात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो. रात्रिभोजनाचा त्याग असणाऱ्या मुलांसाठी स्वयंपाक दुपारी चारलाच सुरू करावा लागे. पण पथकात केवळ जैन मुले नव्हती आणि असूही नयेत, कारण स्काऊट सर्वांचा मित्र असतो, हाच तिसरा नियम आहे. साडेपाचला जेवलेली इतर मुले नऊ वाजता पुन्हा भुकेली होत. पहिल्या शिबिरात यावरून कुरबुर झाली. पुढच्या वेळी सर्वांनी मिळून ठरविले की मुख्य जेवण सर्वांचे एकत्र, सूर्यास्तापूर्वी; रात्री ज्यांना हवे त्यांना दूध आणि भाजलेले शेंगदाणे. शेकोटीपूर्वी लाकूड न् लाकूड झटकून पाहायचे, जीवजंतू आढळला तर ते बाजूला ठेवायचे, आणि जाळ मोकळ्या, गवत नसलेल्या जागी करायचा, असाही नियम मुलांनीच केला. आपण ज्याला यतना म्हणतो, ती त्या रात्री अन्य समाजांच्या मुलांनीही मनापासून पाळली.

चौथी अडचण सुरक्षिततेची. तापीकाठ आपल्याला जवळ आहे, मुलांना पाण्याची ओढ असते आणि दुसऱ्याचे मूल आपल्या भरवशावर असते. अशा रात्री कार्यकर्त्याला झोप लागत नाही. शिवाय २०१२ च्या पोक्सो कायद्यानंतर मुलांच्या संरक्षणाकडे समाज अधिक सजगतेने पाहू लागला आहे आणि ते योग्यच आहे. कोणत्याही सहलीत किंवा शिबिरात किमान दोन प्रौढ हवेत आणि कोणीही प्रौढ एखाद्या मुलासोबत एकांतात असू नये, हा दंडक पाळलाच पाहिजे. तो मुलांचे रक्षण करतो आणि निष्कलंक कार्यकर्त्याचेही. पण एकटाच माणूस पथक चालवीत असेल, तर हा दंडक पाळणार कसा? मुलींच्या गाइड पथकासाठी तर महिला कार्यकर्त्याच हव्यात. आमच्या गावी मुली तयार होत्या, आयाही उत्सुक होत्या. परंतु जबाबदारी घेणारी एकही भगिनी पुढे आली नाही, म्हणून मुलींचे पथक निघालेच नाही. ही खंत मला आजही आहे.

बंधू-भगिनींनो, आता माझ्या चुकीविषयी सांगतो.

आमच्या पथकात बावीस मुले होती. सोबतीला एक तरुण सहकारी होता; त्याची वर्षभरात बदली झाली. त्यानंतर मी सारे एकट्याने करू लागलो. दोर, तंबू, प्रथमोपचाराची पेटी, नोंदवह्या, सर्व काही एका लोखंडी ट्रंकेत असे आणि ट्रंकेची किल्ली माझ्या खिशात. शिबिराला निघताना काडेपेटीपर्यंत सारे मी मोजून घेत असे. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गटनायक नेमले होते, पण ते नावापुरतेच. मुले चुकतील, साहित्य हरवील, वेळ लावील, म्हणून मी त्यांच्या हाती काही देत नव्हतो. लोक म्हणत, "किती झटतो हा माणूस!" आणि मला ते आवडत असे.

मग एका हंगामात मी आजारी पडलो. तीन महिने दुकानही भावाने पाहिले. पथक थांबले. बरा झालो, पण मागे पडलेल्या धंद्याने डोके वर काढू दिले नाही. एके दिवशी नववीतला एक गटनायक दुकानात आला. बराच वेळ गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला यायला जमत नसेल तर राहू द्या. पण ट्रंकेची किल्ली तरी द्या."

मी त्याला पुढच्या रविवारी बघू म्हणून परत पाठविले. किल्ली दिली नाही. तो पुढचा रविवार उजाडायला दीड वर्ष लागले. तोपर्यंत तो मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला होता.

पुन्हा ट्रंक उघडली तेव्हा तंबूला उंदरांनी भोके पाडली होती. तंबू नवा आणता आला. ते दीड वर्ष मात्र बावीस मुलांच्या वयातून कायमचे गेले.

आपल्या शेजारी, याच रेल्वेमार्गावर, अमळनेर आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही पाहत होते. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे सामान नीट लावणे ही कामे ते स्वतः करीत. वरवर पाहता मीही सारे स्वतःच करीत होतो. परंतु गुरुजींचे काम पाहून मुले स्वतः झाडू हाती घेऊ लागली आणि माझे काम पाहून मुले बाजूला उभी राहू लागली. गुरुजींच्या श्रमात मुलांवरचा विश्वास होता. माझ्या श्रमात अविश्वास होता आणि काहीसा अहंकारही.

पथक पुन्हा सुरू केले तेव्हा आम्ही चार जण एकत्र आलो. त्या अनुभवावरून आपल्यासमोर काही विनम्र सूचना ठेवतो.

पथक एका माणसाच्या नावाने सुरू करू नका. किमान चार कार्यकर्ते असावेत, त्यांत दोन भगिनी असाव्यात आणि पाळ्या आधीच ठरलेल्या असाव्यात. चौघांचा धंदा एकाच हंगामाचा नसेल तर उत्तम. एक व्यापारी, एक शिक्षक, एक निवृत्त गृहस्थ, असा मेळ घालावा. कार्यकर्त्यांना प्रशिक्षणाला अवश्य पाठवावे. पुढील प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. भुसावळ, इटारसीमार्गे पिपरिया आणि पुढे घाटरस्ता, असा प्रवास आहे. प्रवासखर्च आणि नोंदणीशुल्क ट्रस्टने द्यावे, म्हणजे कार्यकर्त्याला पदरमोड करावी लागणार नाही. जमाखर्च दर सहा महिन्यांनी विश्वस्तांपुढे यावा, म्हणजे कोणाच्या मनात किंतु राहणार नाही. आणि ट्रंकेची किल्ली गटनायकांकडे असावी. दोर हरवतील, हरवू द्या. पोहणे, प्रवास, मुक्काम यांची जबाबदारी मात्र मोठ्यांनीच घ्यावी. ती मुलांवर टाकणे हा विश्वास नव्हे, हलगर्जीपणा होय.

शेवटी एक गोष्ट थोड्या धाडसाने बोलतो. आपला समाज दानशूर आहे. धर्मस्थानके, पाणपोया, गोशाळा यांना आपण हात सढळ ठेवून देतो. तंबूंसाठी आजच्या आज देणगी जाहीर होईल, याविषयी मला शंका नाही. पण पथके तंबूवाचून बंद पडत नाहीत. ती बंद पडतात रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर दुसरा माणूस उभा नसतो म्हणून. स्मरणिकेत देणगीदारांची यादी असते, ती असावीच. तिच्या शेजारी आणखी एक यादी छापता आली तर पाहा : वर्षातून किमान बारा रविवार देण्याचे वचन ज्यांनी दिले, त्यांची नावे. समयदानाची ती यादी लहान असली तरी चालेल, मात्र तीत चारांपेक्षा कमी नावे असू नयेत.

 बोलण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडम्.