आईच्या तोंडातला चट्टा
(वसतिगृहाच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पाचवी ते बारावी आपल्याच वसतिगृहात होते. आता डेंटल हायजिनिस्टच्या डिप्लोमाचं दुसरं, म्हणजे शेवटचं वर्ष चालू आहे. गावात म्हणतात, "पोरगी दाताची डॉक्टर होणार." तसं नाही. दात काढणं, भरणं हे डॉक्टरांचं काम. त्यांच्या देखरेखीखाली दातांवरचं कीटण काढायचं आणि दात कसे राखायचे ते लोकांना शिकवायचं, हे आमचं. १९०६ साली अमेरिकेत डॉ. अल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं, तिथून हा पेशा सुरू झाला. तिथे आता याची पदवीही घेता येते.

पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकं उघडून मी रडत असे. पण मावची बोलणारी आजी खुर्चीत बसली की सगळे मलाच हाक मारतात.

माझी आई मिश्री लावते. दिवाळीच्या सुट्टीत मी टॉर्च घेऊन तिचं तोंड पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पुसून जात नव्हता. असा चट्टा पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो, हे मी नुकतंच शिकले होते. आई म्हणाली, "दुखत नाही, मग दवाखाना कशाला?" न दुखणं हीच तर फसवणूक! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच चप्पल घालून निघाली. तुकडा तपासला. कर्करोग नाही, देवाची स्तुती असो. पण मिश्री सोडा आणि नियमित तपासायला या, असं डॉक्टरांनी बजावलं.

मिश्री सुटली, असं मी इथे खोटं सांगणार नाही. दिवसातून चारदा होती, ती एकदा झाली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा.

दोन गोष्टी घरी घेऊन जा. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दातांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. ती पडणार, असं समजून आपण दुर्लक्ष करतो. ती पडत नाही, किडते. आणि कीटण काढल्याने दात हलत नाहीत. आधीच सैल झालेला दात कीटणाने धरून ठेवलेला असतो, एवढंच.

माझी फी तुमच्या देणग्यांतून भरली गेली. परीक्षेनंतर महिन्यातला एक शनिवार मी वसतिगृहातल्या मुलींची तोंडं तपासेन. टॉर्च माझा, ब्रश मात्र तुम्ही द्या.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.