निमित्त नसलेला एक दिवस

(संघटनेच्या सांगली येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विषय ऐकल्यावर तुमच्यातल्या काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या, ते मी पाहिलं. पोटगी, घरगुती हिंसा, रेशनकार्ड हे सगळं सोडून ही बाई ऑस्ट्रियातल्या सायकलच्या सहलीवर काय बोलणार? तेही बॅटरीच्या सायकलीवर. म्हणजे श्रीमंतांची चैनच की! हसा, हरकत नाही. पण बाईच्या वाट्याला एक अख्खा मोकळा दिवस येतो कसा आणि तो कुणाच्या दिवसातून कापला जातो, हा प्रश्न आपलाच आहे. तो मला डॅन्यूब नदीच्या काठी फार स्पष्ट दिसला, म्हणून तिथलंच सांगते.

नदीकाठानं जायचं म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नर्मदेची परिक्रमा. बायका ती करतात, एकट्यानंही करतात आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. पण तिथं पुण्याचं निमित्त असतं. वारीला विठ्ठलाचं, माहेरी जायला बाळंतपणाचं किंवा भाऊबीजेचं. बाई घराबाहेर पडली की तिच्या हातात एक कारण असावं लागतं. ओटीचं सामान, औषधाची चिठ्ठी, निदान भाजीची पिशवी तरी. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं ते याच गोष्टीवर: बाईला शहरात काही काम नसताना, उगीचच, रेंगाळायचा हक्क आहे की नाही. मी एम.एस.डब्ल्यू. करून सात-आठ वर्षं वस्त्यांमध्ये काम केलं, त्या काळात एकही बाई मला म्हणाली नाही की, "ताई, मी आज उगीच बाहेर पडले होते."

गेली तीन वर्षं मी व्हिएन्नात असते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी भेटी देणं, त्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना सल्ला देणं हे माझं तिथलं काम. तिथं सहकारी बायकांकडून कळलं की सुट्टीच्या दिवशी वाखाऊला जायचं. वाखाऊ म्हणजे मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांमधलं डॅन्यूबचं खोरं, पस्तीस-छत्तीस किलोमीटर लांबीचं. २००० साली युनेस्कोनं ते जागतिक वारशात घेतलं. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांवर दगडावर दगड रचून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या द्राक्षबागा, खाली जर्दाळूची झाडं आणि मधून नदी.

व्हिएन्नाहून सकाळी आगगाडीनं मेल्कला जायचं, साधारण तासाभराचा रस्ता. गावावर बेनेडिक्टाइन साधूंचा प्रचंड पिवळा मठ आहे, १०८९ सालापासून साधू तिथं राहतात. खाली भाड्यानं सायकल मिळते. बरोबर हेल्मेट, कुलूप आणि एक नकाशा. वाटाड्या नाही, गट नाही, शिट्टी वाजवणारा पुढारी नाही. संध्याकाळी क्रेम्सहून परत व्हिएन्नाची गाडी. मधला दिवस तुमचा.

आता ही ई-सायकल म्हणजे काय ते सांगते, कारण पुष्कळांना ती स्कूटरची बहीण वाटते. ती नाही. तिथल्या नियमाप्रमाणे तिची मोटर २५० वॅटची असते आणि ती तुम्ही पाय माराल तेव्हाच मदत करते. पाय थांबले की मोटर थांबते. ताशी २५ किलोमीटरच्या पुढं गेलात तर मोटर हात काढून घेते, मग तुम्ही आणि तुमचे पाय. हँडलवर एक बटण असतं, मदत कमी हवी की जास्त ते त्यानं ठरवायचं. वजनाला मात्र ती जड, वीस-पंचवीस किलोची. जिना चढवायची वेळ आली की देव आठवतो. पण चढ आला, समोरून वारा आला, की पाठीवर कुणीतरी हात ठेवून हलकेच ढकलावं तसं वाटतं. आयुष्यात बायकांच्या पाठीवर असा हात क्वचितच येतो, असं मी माझ्या सहकारणीला म्हटलं, तर ती म्हणाली, "आणि हा हात नंतर हिशेब मागत नाही."

रस्त्याची गोष्ट ऐका. पूर्वी नावा प्रवाहाविरुद्ध ओढून न्यायला काठानं घोडे चालायचे. त्या घोड्यांच्या वाटांवरूनच आज बराचसा सायकलमार्ग जातो. १९८० च्या दशकात तो नीट बांधून काढला. आता तो एका फार लांब मार्गाचा तुकडा आहे. हा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून निघतो आणि ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, सर्बिया, रोमानिया करत काळ्या समुद्राला भिडतो, चार हजार किलोमीटरहून जास्त. रोमानिया हे नाव लक्षात ठेवा, मी पुन्हा तिकडं येणार आहे.

दर फाट्यावर हिरवी पाटी: पुढचं गाव कोणतं, किती किलोमीटर. रस्ता चुकायची भीती नाही, म्हणजे कुणाला विचारायची गरज नाही. हे आपल्याला किती मोठं आहे बघा. अनोळखी ठिकाणी रस्ता विचारताना कुणाला विचारावं, पानटपरीवर विचारावं की नको, हा हिशेब आपण मनात सतत करत असतो. तिथं तो हिशेब बंद झाल्यावर डोक्यात केवढी जागा रिकामी झाली! गावागावांत स्वच्छ संडास, बसायला बाक. सायकलला वेगळं तिकीट काढलं की ती आगगाडीत चढते. लोक मला म्हणतात, तू एकटी गेलीस, केवढी धीट! धीटपणाचा काय संबंध? धीटपणा आपल्याकडे रात्री नऊला शेवटची एस.टी. पकडणाऱ्या बाईला लागतो. तिथं व्यवस्था होती, म्हणून माझ्यासारखी भित्री बाईसुद्धा गेली.

मेल्कहून पूल ओलांडून मी नदीच्या उत्तर काठाला लागले. वाटेत विलेंडॉर्फ नावाचं एवढंसं गाव लागतं. १९०८ साली तिथं रेल्वेमार्गाचं काम चाललं असताना एक दगडी बाई सापडली. जेमतेम अकरा सेंटीमीटर उंच, आपल्या तळहातात मावेल अशी. भरदार छाती, सुटलेलं पोट, रुंद मांड्या आणि चेहराच नाही. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. मूळ मूर्ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तिला देवी म्हणावं, बाळंतीण म्हणावं की आणखी काही, यावर पंडितांची भांडणं आहेत, ती त्यांना करू द्या. मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. २०२२ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी तिचा दगड तपासला, तेव्हा तो बहुधा आल्प्सच्या पलीकडचा, उत्तर इटलीतला निघाला. म्हणजे ही बाईसुद्धा कुणाच्या तरी हातातून शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेली.

पुढं स्पिट्झला तराफा आहे, त्याला इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलेली, तिला तो अडकवलेला, आणि प्रवाहाच्या जोरावरच तो या काठावरून त्या काठावर जातो. त्या तराफ्यावर मला एक बाई भेटल्या. बहात्तर वर्षांच्या, गुडघा बदललेला. त्यांचीही ई-सायकलच. म्हणाल्या, साठीनंतर सायकल सुटली होती. जाताना जमायचं, पण येताना दम संपला तर काय, या भीतीनं जायचंच बंद केलं. या मोटरीनं मला परत आणायची हमी दिली. मी हे वाक्य डायरीत उतरवून ठेवलंय. पुढं दक्षिण काठानं आम्ही बरोबर गेलो. रोसाट्झला छोट्या होडीनं पुन्हा नदी ओलांडून ड्युर्नस्टाइनला उतरलो, जिथं वरच्या किल्ल्यात ११९२ च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या राजा रिचर्डला कैद करून ठेवलं होतं. तिथं जर्दाळूचा लाडू खाल्ला. अख्खं फळ पिठात घालून उकडायचं आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचं. मोदकाची आठवण आली, पण आपला मोदक तो आपला.

सायकल आणि बाई यांचं नातं त्या देशात जुनं आहे. १८९३ साली ग्राझ शहरात बायकांनी स्वतःचा सायकल क्लब काढला. त्याच वर्षी व्हिएन्नात ज्यांनी स्त्रियांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, त्या रोझा मायरेडर यांनी सायकलमुळे बायका मोकळ्या झाल्या असं आवर्जून लिहून ठेवलंय. पुढं १९९७ साली देशाच्या पाचशे शिलिंगच्या नोटेवर या बाईंचं चित्र छापलं गेलं. एका स्त्रीवादी बाईचं चित्र नोटेवर! पण त्या काळच्या सायकली तरुण, धडधाकट आणि बहुतेक खात्यापित्या घरच्या मुलींच्या होत्या. ई-सायकलनं त्यात सांधेदुखीवाल्या, धाप लागणाऱ्या, पन्नाशी-साठीच्या बायका आणल्या, हे मला तिचं खरं काम वाटतं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता कडू.

मी त्या बाईंना सहज विचारलं, घरी कोण असतं? म्हणाल्या, नवरा. त्यांना स्मृतिभ्रंश झालाय, एकटं सोडता येत नाही. मग आज? "आज आमची रोमानियन बाई आहे ना."

ही "आमची बाई" मला कामामुळे चांगली ठाऊक आहे. म्हणजे तीच नव्हे, तिच्यासारख्या पुष्कळ. ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांच्या घरी चोवीस तास राहून त्यांचं सगळं करणाऱ्या हजारो बायका आहेत, बहुतेक रोमानिया आणि स्लोव्हाकियातून आलेल्या. २००७ साली त्यासाठी कायदा झाला. त्या मिनीबसमधून रात्रभर प्रवास करून येतात, काही आठवडे राहतात, मग दुसरी येते आणि पहिली घरी जाते. कागदोपत्री त्यातल्या जवळजवळ सगळ्या "स्वयंरोजगार" करणाऱ्या, म्हणून किमान वेतन नाही, पगारी रजा नाही. आपल्याकडच्या घरेलू कामगार बहिणींना हे नव्यानं सांगायला नको.

२०२० साली करोनामुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा सगळ्या देशाला या बायकांची अचानक आठवण झाली. त्यांना आणायला खास विमानं आणि रोमानियातून खास रात्रीची रेल्वे सोडली. आणि त्याच सरकारी तिजोरीनं आदल्याच वर्षी, २०१९ पासून, त्यांच्या मुलांचा कुटुंबभत्ता कापला होता. कारण काय, तर मुलं रोमानियात राहतात, तिथं स्वस्ताई आहे. काम मात्र या देशात, कर या देशात. जून २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयानं ती कपात बेकायदा ठरवली, तेव्हा कुठं ती मागं घ्यावी लागली.

माझ्या ओळखीच्या अशाच एका बाईला दुपारी दोन तासांची सुट्टी असते. ती डॅन्यूबच्या काठी येऊन बसते आणि मुलीला फोन लावते. एकदा तिनं मला विचारलं, "हा सायकलचा रस्ता पुढं आमच्याकडे जातो म्हणतात, खरंय का?" मी म्हटलं, जातो. ती म्हणाली, "त्या रस्त्यानं आमच्याकडून कुणी आलेलं मी पाहिलं नाही. आम्ही सगळ्या मिनीबसनं येतो."

आता यातून तराफ्यावरच्या बाईंना दोष द्यावा, असं मला मुळीच वाटत नाही. चाळीस वर्षं त्यांनी घर केलं, आता आजारी नवऱ्याचं करतात. आठवड्यातला एक दिवस त्यांना मिळालाच पाहिजे. माझं भांडण या गोष्टीशी आहे की एका बाईला दिवस हवा असला की तो दुसऱ्या बाईकडूनच घेतला जातो. मधे पुरुष येतच नाही, सरकार येतं ते उशिरा आणि कुरकुरत. रस्त्याला पाट्या लावायला, तराफे चालवायला, गाडीत सायकलींना जागा करायला ज्या देशाला सुचलं, त्याला घरातल्या त्या खोलीची तेवढी नीट व्यवस्था करायला का सुचू नये?

आपल्याकडे तर दोन्ही नाही, ना रस्त्याची व्यवस्था ना घराची. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, असं दिसलं. जे पुरुष ते करतात त्यांची ९७. हा फरक कुठलीही मोटर भरून काढणार नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली की ई-सायकलला लायसन लागतं का आणि हे आपल्याला परवडणार आहे का. २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली असेल तर आपल्याकडेही लायसन किंवा नोंदणी लागत नाही. परवडण्याचं म्हणाल तर साधी सायकलसुद्धा चालेल. आपण डॅन्यूब आणायची नाहीये. सांगलीतून हरिपूरचा संगम चार-पाच किलोमीटरवर आहे, "संगीत शारदा" लिहिणाऱ्या देवलांचं हरिपूर. कृष्णा आणि वारणा तिथं भेटतात. मंदिरात जायचं तर जा, पण मंदिराचं निमित्त सांगून घरातून निघायचं नाही. कुणी विचारलं कुठं चाललीस, तर म्हणायचं, नदी बघायला.

रविवारी सकाळी सातला निघू. ज्यांना सायकल येत नाही त्यांना आधीचे दोन रविवार मैदानावर शिकवू, वयाची अट नाही. दाराशी वही ठेवली आहे, तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात नाव. दुसऱ्यात, त्या दिवशी तुमच्या घरचं कोण करणार ते. तिथं नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव आलं तर उत्तम. पण सासूबाई, जाऊबाई किंवा कामाच्या मावशी असं आलं, तर तिसऱ्या रकान्यात त्यांच्या सुट्टीची तारीख लिहायची, आणि त्या दिवशी त्यांचं काम कोण करणार तेही.