सरासरीत बुडालेला तालुका

(खर्डा, ता. जामखेड येथे युवक-युवतींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



खर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात ११ मार्च १७९५ च्या मराठे-निजाम लढाईपुरतं येतं. त्यानंतर इथल्या माणसांचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. आज मला लढाईवर नाही, त्या माणसांवर बोलायचं आहे.

दुर्गम म्हटलं की आपल्याला डोंगर किंवा समुद्रातलं बेट आठवतं. युरोपीय संघाच्या कराराच्या १७४ व्या कलमात बेटं, डोंगराळ आणि सीमेवरच्या प्रदेशांकडे खास लक्ष द्यावं असं लिहिलेलं आहे. आपला जामखेड तालुका बेट नाही. पण एका बाजूला बीड, दुसऱ्या बाजूला धाराशिव, तालुक्यात रेल्वे नाही, आणि जिल्ह्याच्या कचेरीत एक कागद द्यायचा तर दिवसाची मजुरी बुडते. याला दुर्गम नाही तर काय म्हणायचं?

मदत का पोहोचत नाही? कारण मोजमापातच गफलत आहे. १९८३ साली वि. म. दांडेकर समिती नेमली गेली. तिने जिल्हा धरून अनुशेष मोजला. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरेचे कालवे, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला दुष्काळ आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. दोन्हींची सरासरी काढली की आपली तहान कागदावर दिसतच नाही. पुढे घटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये तीन विकास मंडळं झाली. शेजारचं पाटोदा, भूम मराठवाड्याच्या मंडळात गेलं, आपण 'उर्वरित महाराष्ट्रा'त. पाऊस सारखाच कमी, पण खातं वेगळं! ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदतही संपली.

मुसलमानांच्या बाबतीतही हेच घडलं. सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्यानंतर अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी केंद्राची योजना आली. त्यात महाराष्ट्रातले परभणी, हिंगोली, वाशीम, बुलढाणा होते, आपला जिल्हा नव्हता. गावोगाव विखुरलेले बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी जिल्ह्याच्या टक्केवारीत कसे दिसणार? पुढे या योजनेचा घटक जिल्ह्याऐवजी तालुका झाला. म्हणजे मोजपट्टी बदलता येते, हे सरकारनेच दाखवलं आहे.

म्हणून आपली मागणी साधी आहे: मागासलेपण तालुका आणि गाव धरून मोजा. ही मागणी एकट्या मुसलमानांची नाही. टँकरच्या रांगेत आपल्यासोबत दलित, धनगर, वंजारी, मराठा सगळेच उभे असतात. ती त्यांच्यासोबतच मांडायची आहे.

पण नुसती मागणी पुरत नाही. याच जामखेडमध्ये १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. जग ते बघायला आलं. बाहेरची मदत आणि गावातली माणसं एकत्र आली की काय होतं, त्याचा हा पुरावा आपल्या दारात आहे.

तेव्हा तीन कामं घेऊन उठा. ग्रामसभेला जा, आणि बहिणींना सोबत न्या. गावाचा विकास आराखडा मागून वाचा; त्यात आपली वस्ती, पाणी, बाजाराचा ओटा आहे का ते पाहा. नसेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. मौलाना आझाद महामंडळाचं कर्ज असो की शिष्यवृत्ती, अर्ज अडला तर माहितीचा अधिकार वापरून कारण विचारा.

आपण मोजले जात नाही, ही तक्रार खरी आहे. पण गावच्या यादीत आपलं म्हणणं लिहून घ्यायला लावणं आपल्याच हातात आहे. पुढच्या ग्रामसभेपासून सुरुवात करू या.