गर्भावस्थेतील सुरक्षित व्यायाम आणि कुटुंबाचा वाटा

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च आणि ताळेबंद हे माझे क्षेत्र. अशा माणसाने गर्भवतीच्या व्यायामावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु डॉक्टरांना विचारावयाचे राहून गेलेले प्रश्न कुटुंबीय पुष्कळदा नोंदणीच्या खिडकीपाशी अथवा माझ्या कार्यालयात येऊन विचारतात. "सुनेने जिना चढला तर चालेल का?", "सातवा महिना लागला, आता तिला नोकरी सोडायला सांगावे का?", "दिवसभर घरकाम करते, मग निराळा व्यायाम कशाला?" हे प्रश्न काळजीपोटी विचारलेले असतात आणि त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. आमच्या स्त्रीरोग विभागातील डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून ती उत्तरे समजून घेऊन मी आपल्यापुढे मांडत आहे. त्यांतील वैद्यकीय ज्ञान त्यांचे आहे. मांडणी तेवढी माझी.

प्रथम एक गोष्ट नमूद करतो. या विषयातील वैद्यकीय मत गेल्या चार दशकांत बरेच बदलले आहे. अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली गर्भवतींच्या व्यायामासाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत आणि श्रमाचा व्यायाम १५ मिनिटांहून अधिक करू नये, अशी मर्यादा घातली होती. १९९४ साली ती मर्यादा काढून टाकण्यात आली. २००२ साली त्याच संघटनेने, कोणतीही गुंतागुंत नसलेल्या गर्भवतीने आठवड्यातील बहुतेक दिवशी सुमारे ३० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे सुचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल सांगितली आहे. अर्थात, आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया "जपून राहा, पडून राहा" असे सांगतात, तेव्हा त्या काही अज्ञानाने बोलत नाहीत. त्यांच्या तरुणपणी डॉक्टरही बहुधा तसेच सांगत असत.

आता लाभाचा विचार. नियमित व्यायामाने गर्भावस्थेतील मधुमेह, वाढलेला रक्तदाब व वाजवीपेक्षा अधिक वजनवाढ यांचा धोका कमी होतो. पाठ व कंबर यांचे दुखणे सुसह्य होते. मनाची उदासीनता कमी होण्यास मदत होते. निरोगी गर्भवतीने योग्य व्यायाम केल्याने गर्भपात अथवा अकाली प्रसूती होण्याचा धोका वाढतो, असे आढळलेले नाही. मात्र एक अपेक्षा मनातून काढून टाकावी. व्यायाम म्हणजे नैसर्गिक प्रसूतीची हमी नव्हे. बाळाची स्थिती, वारेची जागा, बाळाच्या हृदयाचे ठोके अशा अनेक कारणांनी शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी "तू फरशी पुसली नाहीस, चालली नाहीस, म्हणून सिझेरियन झाले" हे शब्द नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीच्या कानी पडणे अन्यायाचे आहे.

व्यायाम कोणता करावा? सर्वांत सोपा व जवळजवळ प्रत्येकीला जमणारा व्यायाम म्हणजे चालणे. ज्यांना पूर्वी सवय नव्हती, त्यांनी रोज १० मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू आठवड्यातील पाच दिवस ३० मिनिटांपर्यंत यावे. हे ३० मिनिटे सलगच असले पाहिजेत असे नाही. सकाळी १५ व सायंकाळी १५ केले तरी चालते. गती किती असावी, याची परीक्षा सोपी आहे. चालताना सोबतच्या व्यक्तीशी बोलता आले पाहिजे. परंतु गाणे म्हणता येऊ नये. एक वाक्यही धाप लागल्याखेरीज पूर्ण होत नसेल, तर गती कमी करावी. या परीक्षेला यंत्र लागत नाही, सोबत मात्र लागते.

चालण्याखेरीज स्थिर सायकल, सोय असल्यास पोहणे आणि जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखालील योगासने उपयुक्त आहेत. स्त्रियांच्या योगाभ्यासाचा गर्भावस्थेसह स्वतंत्र विचार पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला होता. दूरचित्रवाणीवर पाहून मात्र आसने करू नयेत. पोटावर झोपून करावयाची आसने, श्वास रोखून धरणे, कपालभातीसारख्या पोटाला झटके देणाऱ्या क्रिया आणि तोल जाण्याची भीती असलेले प्रकार टाळावेत.

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या आणि मूत्राशय व गर्भाशय यांना आधार देणाऱ्या स्नायूंचा एक व्यायाम आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली तो मांडला. म्हणून त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते काही सेकंद आवळून धरावेत व तितकाच वेळ सैल सोडावेत. हा व्यायाम बसल्याजागी, कुणाच्या लक्षात न येता करता येतो. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करू नये. खोकताना वा हसताना लघवी निसटण्याच्या ज्या त्रासाविषयी स्त्रिया संकोचाने बोलत नाहीत, तो त्रास टाळण्यास याची मदत होते.

खबरदारीची कारणेही समजून घ्यावीत, म्हणजे ती पाळणे सोपे जाते. गर्भावस्थेत सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैल होतात आणि पोट पुढे आल्याने शरीराचा तोल बदलतो. म्हणून धक्काबुक्कीचे खेळ, उड्या व निसरड्या जागा वर्ज्य. गर्भाशय मोठे झाल्यावर उताणे झोपल्यास शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब पडतो व चक्कर येऊ शकते. म्हणून चौथ्या महिन्यापासून बराच वेळ उताणे पडून व्यायाम करू नये. शरीर अति तापणे बाळास हितकारक नाही. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात चालणे सूर्य वर येण्यापूर्वी अथवा घरातच करावे आणि पाणी पुरेसे प्यावे.

व्यायाम कुणी करू नये, हे तर अधिकच महत्त्वाचे. अंगावरून रक्त जात असेल, पाणमोट फुटली असेल, अकाली कळा येत असतील, गर्भाशयाचे मुख सैल असेल, २८ आठवड्यांनंतरही वार खाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयाचा वा फुप्फुसाचा गंभीर विकार असेल, बाळाची वाढ खुंटली असेल अथवा तिळी असतील, तर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याखेरीज व्यायाम करू नये. आपल्याकडे आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे, ती म्हणजे रक्तक्षय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ हून कमी असल्यास तो रक्तक्षय होय आणि ७ हून कमी असल्यास तो तीव्र. तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीला व्यायामाआधी उपचारांची गरज असते. म्हणून व्यायामाची पहिली पायरी म्हणजे तपासणी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्यकेंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. त्याचा लाभ संकोच न करता घ्यावा.

आता "दिवसभर घरकाम करते, मग निराळा व्यायाम कशाला?" या प्रश्नाकडे येतो. घरकाम ही हालचाल आहे आणि तिची गणना अवश्य करावी. परंतु तासन्‌तास ओट्यापाशी उभे राहणे, पाण्याच्या घागरी उचलणे, वाकून धुणे धुणे यांत शरीर दमते. त्याची गती, वेळ आणि विश्रांती त्या स्त्रीच्या हाती नसते. दीर्घकाळ उभे राहणे व वारंवार जड ओझे उचलणे यांचा अकाली प्रसूतीशी काही प्रमाणात संबंध आढळला आहे. व्यायाम आणि कष्ट यांतील भेद येथेच आहे. दम लागताच जो थांबवता येतो, तो व्यायाम.

दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्यांतील गर्भवती स्त्रीही खाडा पडून मजुरी बुडेल, या भीतीने मोळ्या उचलते. तिला "रोज चालत जा" असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. तिला हवा असतो तो पोटभर आहार, लोहाच्या गोळ्या आणि विश्रांती. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेही हे तत्त्व मान्य केले होते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना, गर्भवतीने विनंती केल्यास तिला कष्टाचे अथवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देऊ नये, अशी तरतूद त्यात होती. तात्पर्य, बंगल्यातील सुनेला आणि फडावरील मजूर स्त्रीला एकच सल्ला देता येत नाही. एकीला पलंगावरून उठण्याची मुभा हवी, तर दुसरीला बसण्याची.

व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालयात येण्याची लक्षणे आपण सर्वांनी, विशेषतः पुरुष मंडळींनी, लक्षात ठेवावीत. अंगावरून रक्त अथवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने वेदनायुक्त कळा येणे, श्रमाआधीच धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर येणे, तीव्र डोकेदुखी, पायाच्या पोटरीत वेदना वा सूज. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवल्यासही थांबू नये. "सकाळी बघू" असे म्हणून रात्र काढू नये. आमचा प्रसूती विभाग अहोरात्र उघडा असतो.

मित्रहो, या व्यायामाचा खर्च शून्य आहे. तरीही तो घडत नाही. कारण त्यासाठी अर्धा तास मोकळा लागतो आणि तो अर्धा तास घरातील अन्य कुणीतरी आपल्या शिरावर घ्यावा लागतो. स्वयंपाक पतीने उरकला, मोठ्या मुलाला आजीने सांभाळले, तर सून फिरायला जाऊ शकते. एकटीने रस्त्यावर फिरणे जिथे रुढ नाही, तिथे सासूबाईंनी सोबत जावे. त्यांच्याही गुडघ्यांना त्याचा लाभच होईल. प्रसूतीसाठी माहेरी गेल्यावर मुलीचे लाड अवश्य करावेत, परंतु तिला दिवसभर अंथरुणाला खिळवून ठेवू नये. सव्वा महिन्याच्या विश्रांतीतही डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या घरात चालणे हितावह आहे. सतत पडून राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

शेवटी विश्वस्त व देणगीदार यांच्या चरणी एक निवेदन. बाह्यरुग्ण विभागालगतचे तळमजल्यावरील दालन भाड्याने द्यावे, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. हिशेब सांभाळणारा माणूस या नात्याने त्या उत्पन्नाचे मोल मी जाणतो. तथापि ते दालन प्रसूतिपूर्व व्यायामवर्गासाठी राखावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांना चालण्यास अंगण नाही, गच्ची नाही, सुरक्षित रस्ता नाही, अशा स्त्रियांना तेथे जागा मिळेल. वर्गाआधी प्रत्येकीचा रक्तदाब मोजला जाईल, हिमोग्लोबिनची नोंद पाहिली जाईल आणि सोबत आलेल्या सासूबाईंना, आईला वा पतीला शेजारी बसून सारे ऐकता येईल. ज्या स्त्रीने व्यायाम करू नये, तीही तेथेच वेळीच ओळखली जाईल.

या दालनात मोठे यंत्र नसेल. चटया, तक्के, भक्कम खुर्च्या, पंखे, पिण्याचे पाणी आणि शिकविणारी एक प्रशिक्षित व्यक्ती, एवढेच असेल. दात्याच्या नावाची पाटी लावावी अशी वस्तू त्यात नाही, हे मी जाणतो. यंत्रासाठी देणगी मिळते. वेतनासाठी मिळणे कठीण, हा सर्वच धर्मादाय संस्थांचा अनुभव आहे. म्हणून या कार्यासाठी स्वतंत्र कायमनिधी उभारावा व त्याच्या व्याजातून शिक्षिकेचे वेतन द्यावे, असे मी सुचवितो. त्यातून होणारा लाभ ताळेबंदात दिसणार नाही. टळलेल्या मधुमेहाची अथवा वेळीच ध्यानात आलेल्या वाढत्या रक्तदाबाची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे वाणिज्य शाखेत मला कुणी शिकविले नाही. तरीही तो लाभ खराच आहे.

 आपल्या घरांतील प्रत्येक माता व बालक सुखरूप असो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण संपवितो.