उत्तम राखलेली गाडी

चारही चाकांना इंजिनाची शक्ति पोंचविणारी एखादी जुनी पिकप मोटार विक्रीस निघाली, कीं तिच्या जाहिरातींत "उत्तम राखलेली" हे दोन शब्द बहुधा असतातच. विकणारा ते प्रामाणिकपणें लिहीतहि असेल. परंतु घेणाऱ्याची वर्षानुवर्षांची शिल्लक त्या दोन शब्दांच्या भरंवशावर खर्चीं पडावयाची असते. तेव्हां त्यांचा खरा अर्थ एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणानें पाहणें हितावह होईल.

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत टोलेडो शहरीं विलिस-ओव्हरलँड कंपनीचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धांत या कंपनीनें सैन्यासाठीं जीप गाड्या बनविल्या. तिच्याच परवान्यानें पुढें मुंबईंत महिंद्र कंपनीनें जीप बांधली, म्हणून हें नांव महाराष्ट्रालाहि परकें नाहीं. युद्धानंतर १९४७ सालीं विलिस कंपनीनें जीपच्याच धर्तीवर पिकप ट्रक काढला व तो १९६५ पर्यंत निघत होता. त्याच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर ११८ इंच असे. आज हे ट्रक हौशी लोक शोधून घेतात.

अशा दोन गाड्या शेजारीं उभ्या आहेत असें समजावें. एक आरशासारखी चकाकते. दुसरीचा रंग उन्हानें विटला आहे आणि बैठक फाटली आहे. पाहणारा पहिलीवर लुब्ध होईल. परंतु अमेरिकेच्या बर्फाळ भागांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात व तें गाडीची चॅसी खालून खाऊन टाकतें. उलट ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशांत ऊन रंग नासवितें, पण लोखंड शाबूत राहतें. चकाकणारी गाडी नुसती रंगविलेली आणि विटलेली गाडीच खरी राखलेली असूं शकते.

दुसरी गोष्ट चालविण्याची. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात. विलिसच्या ट्रकांत पुढच्या आंसाला शक्ति जोडली, म्हणजे दोन्ही आंस एकाच गतीनें फिरूं पाहतात. चिखलांत चाकें थोडीं घसरून हा ताण आपोआप सुटतो. कोरड्या, टणक रस्त्यावर तो सुटत नाहीं आणि सारा भार गिअर व सांधे यांवर पडतो. म्हणून पक्की सडक लागतांच पुढची जोडणी दांड्यानें सोडवावी लागते. हा साधा नियम न पाळणाऱ्या मालकानें गाडी रोज धुवून पुसून ठेवली, तरी ती राखली असें होत नाहीं.

यासाठीं घेणाऱ्यानें प्रथम खालीं वांकून चॅसी पाहावी; गंजाची शंका येईल तेथें हलकेच ठोकून पाहावें. चारही टायर एकाच मापाचे व सारखेच झिजलेले आहेत काय, हें तपासावें. त्यांत फरक असल्यास तोच ताण सरळ रस्त्यावरहि निर्माण होतो. पुढच्या आंसाला शक्ति देणाऱ्या गिअरपेटींतील तेल काढून त्यांत धातूचा कीस आहे काय, तें पाहावें. इंजिन थंड असतांना आपल्यासमोर सुरूं करवावें, आणि मऊ जमिनीवर पुढची जोडणी लावून व सोडवून पाहावी. चॅसीवरील क्रमांक कागदांशीं ताडून घ्यावा. या परीक्षेस एक सकाळ पुरते. ती न केल्यास पुढें अनेक वर्षें दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो.

विकणाऱ्याचेंहि एक कर्तव्य आहे. कोणता भाग कधीं बदलला, कोठें गंज लागला आहे, कोणता गिअर कुरकुरतो, हें त्यानें आपण होऊन सांगावें. त्यामुळें किंमत कदाचित् थोडी उतरेल. परंतु तीच गाडी घेऊन कोणी घाट उतरणार आहे आणि तिच्यांत त्याचीं मुलेंबाळें बसणार आहेत, हें त्यानें विसरूं नये.